वेबसाइटसाठी सीएमएस कसं निवडायचं: सीमाभागातल्या नवख्यांसाठी

आपल्या बेळगावच्या सीमाभागात गावच्या वाचनालयाची, पतसंस्थेची किंवा कुंदा या मिठाईच्या दुकानाची वेबसाइट करायची ठरली की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "वर्डप्रेस घ्यायचं की विक्स?" हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरवर ठेवा. साइट रोजच्या रोज कोण बघणार, ती किती लिप्यांत असणार आणि उद्या सोडायची वेळ आली तर मजकूर बाहेर कसा काढणार, एवढं आधी कागदावर लिहा. मग सॉफ्टवेअरची निवड निम्मी तिथंच होऊन जाते.

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. साइटच्या मागे बसणारं असं सॉफ्टवेअर, की ज्यात लॉगिन करून कोड न लिहिता पान लिहिता येतं, फोटो टाकता येतात, जुनी सूचना काढता येते. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही त्यातली जुनी, मुक्त परवान्याची नावं. विक्स आणि ब्लॉगर याच कामाची पण कंपनीच्या घरात राहण्याची व्यवस्था.

पायरी १: सांभाळणारा माणूस

आपल्याकडं साइट बंद पडते ती बहुतेक वेळा तांत्रिक कारणानं पडत नाही. करून देणारा पोरगा इंजिनिअरिंग संपवून पुण्याला जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, आणि मुखपृष्ठावर तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवाची निमंत्रणपत्रिका तशीच लटकत राहते. म्हणून साइट करणाऱ्यापेक्षा ती सांभाळणाऱ्याकडं बघून निवड करा.

त्या माणसाला चार गोष्टी विचारा. कॉम्प्युटर आहे की सगळं फोनवरच? मराठी टाइप कसं करता, बोलून, रोमनमधून की इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डनं? कन्नड लिहिता येतं का? आठवड्याला किती वेळ देणार? वाचनालयाचे निवृत्त गुरुजी फोनवरून फोटो आणि दोन ओळी टाकणार असतील तर ड्रुपलचा विषय तिथंच संपला. वर्डप्रेसचं फोनवरचं ॲप आहे आणि ते स्वतःच्या होस्टिंगवरच्या, म्हणजे सर्व्हरवर आपण घेतलेल्या जागेवरच्या, साइटलाही जोडता येतं, हा त्याचा मोठा फायदा. शिवाय वर्डप्रेसचा आतला भाग मराठीत आणि कन्नडमध्येही लावता येतो, आणि तोही प्रत्येक सदस्याला वेगळा. गुरुजींना मराठी, ऑफिसातल्या कन्नडभाषक क्लार्कबाईंना कन्नड, दोघंही एकाच साइटवर.

सांभाळणारा कोणीच नसेल तर? मग सीएमएस घेऊच नका. पत्ता, वेळ, फोन, नकाशा एवढं एक स्थिर पान करून ठेवा आणि गुगल मॅप्सवरची दुकानाची नोंद नीट भरा. शिळ्या साइटपेक्षा ते बरं.

पायरी २: साइटवर काय राहणार, ते कागदावर

इथं घाई करू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीला पाच पानं लागतात: काय ओततो, किती वजनापर्यंत, कुठली प्रमाणपत्रं, कारखान्याचे फोटो, चौकशीचा फॉर्म. वर्षातून दोनदा बदल झाला तर खूप. त्यांचं गिऱ्हाईक पुणे, कोल्हापूर, बेंगळुरूचं, म्हणजे इंग्रजी पुरतं. अशा साइटला मोठं सीएमएस म्हणजे विनाकारण पाळलेलं जनावर, रोज चारा घाला आणि काम वर्षातून दोन दिवस.

साहित्य संमेलनाची समिती घेतली तर गोष्ट उलटी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशी आपल्याकडं गावोगावची संमेलनं आहेत, आणि त्यांचा ऐवज दरवर्षी वाढतो: अध्यक्ष, सत्रं, अध्यक्षीय भाषण, ठराव, फोटो, स्मरणिका. हे सगळं एका लांबलचक पानात कोंबलं तर पाच वर्षांनी "आतापर्यंतचे सगळे अध्यक्ष" अशी यादी हातानं करत बसावं लागतं. त्यापेक्षा 'संमेलन' असा मजकुराचा एक साचा करा आणि त्यात वर्ष, स्थळ, अध्यक्ष, ठराव हे रकाने ठेवा. मग यादी आपोआप निघते. ड्रुपलमध्ये ही सोय मुळातच आहे आणि त्याची खरी ताकद तीच. वर्डप्रेसमध्ये 'पॉड्स'सारखं प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारा जोडप्रोग्रॅम, टाकून होते. ब्लॉगरमध्ये लेबलं लावून कशीबशी भागवावी लागते.

कागदावर प्रत्येक पानापुढं तीन गोष्टी लिहा: किती वेळा बदलणार, कोण बदलणार, कुठल्या भाषांत. या तिसऱ्या रकान्यावरच आपल्या भागात खरी पंचाईत होते.

पायरी ३: भाषा आणि लिप्या

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पतसंस्थेच्या व्याजदराला तेवढं थांबता येत नाही. सभासद मराठी, शेजारच्या गल्लीतले ठेवीदार कन्नड, बाहेरगावी गेलेली मुलं इंग्रजी वाचणार. तीन भाषा हव्यात की दोन, हे प्रत्येक पानासाठी वेगळं ठरवा. सगळी साइट तिन्ही भाषांत करू असं बैठकीत उत्साहानं ठरतं आणि मग कन्नडची निम्मी पानं रिकामी राहतात. व्याजदर, वेळा, सूचना, संपर्क हे तिन्हीत. संस्थेचा इतिहास आणि कवितांचं पान मराठीत पुरे.

आता कुठलं सीएमएस हे काम कसं करतं ते बघू. ड्रुपलमध्ये २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून बहुभाषेची सोय गाभ्यातच आहे. जूमलात ती १.६ पासून आहे. वर्डप्रेसच्या गाभ्यात ती नाही. 'पॉलीलँग'सारखं प्लगइन टाकावं लागतं. त्याची फुकट आवृत्ती छोट्या संस्थेला पुरते, मात्र प्रत्येक भाषेचं पान वेगळं लिहून एकमेकांना जोडावं लागतं. ह्यूगो या स्थिर साइट करणाऱ्या साधनातही भाषेनुसार वेगळ्या फाइली ठेवायची उत्तम सोय आहे. ब्लॉगरमध्ये अशी सोय नाही. तीन भाषा म्हणजे तीन वेगळ्या साइटी.

भाषा बदलायच्या बटणावर झेंडे लावू नका. मराठीला कुठला झेंडा आणि कन्नडला कुठला, हा वाद साइटवर ओढवून घ्यायचं काही कारण नाही. प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहा, बस्स. आणि कन्नड मजकूर यंत्राकडून करून तसाच टाकू नका. शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांना एकदा वाचून द्यायला सांगा. 'ठेव' आणि 'कर्ज' यांची अदलाबदल झाली तर हसण्यावारी नेता येत नाही.

त्यानंतरची अडचण जुन्या फाइलींची. संस्थेचे अहवाल आणि स्मरणिका गणपत गल्लीतल्या किंवा खडेबाजारातल्या डीटीपीवाल्याकडं श्रीलिपीत जुळवलेल्या असतात. कन्नडचं तेच, तिथं नुडी किंवा बरह. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, वरून फक्त देवनागरी किंवा कन्नड मुखवटा. तो मजकूर कॉपी करून सीएमएसमध्ये चिकटवला की अगम्य रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यात सीएमएसचा काही दोष नाही. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा.

वाचताना 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कोऱ्या' या शब्दांवर थांबा. आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एकदा खाली टिंब असलेला ऱ वापरून, एकदा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द. अहवालात एक रीत आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डवर दुसरी असली की साइटवरचा शोध "काही सापडलं नाही" म्हणून मोकळा होतो. एकच रीत ठरवा आणि रूपांतरानंतर सगळीकडं 'शोधा आणि बदला' करून घ्या.

पानाच्या पत्त्याचीही एक खोच आहे, वर्डप्रेस घेणाऱ्यांनी ही नक्की बघावी. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता तयार करतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि मात्रा वेगळी, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांएवढं फुगतं. आणि पत्त्याच्या या तुकड्याला जागा आहे २०० ची. हिशेब करा: बावीस चिन्हांत खेळ खल्लास. "कडोली मराठी साहित्य संमेलन २०२४" असं शीर्षक दिलं तर पत्ता "कडोली-मराठी-साहित्य-संमे" इथंच तुटतो. वर्ष शेवटी असल्यामुळं ते गळतं, आणि पुढच्या वर्षीच्या पानाला तोच पत्ता मिळून मागे नुसता 'दोन' लागतो. शिवाय व्हॉट्सॲपवर असा दुवा पाठवला तर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसण्याचा संभव असतो, आणि लोक ती फसवणुकीची लिंक समजून उघडतच नाहीत. यावर उपाय सोपा: शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता मात्र रोमन अक्षरांत हातानं लिहा, गावाचं नाव आणि वर्ष, एवढाच.

फॉन्ट: मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, कन्नडला नोटो सॅन्स कन्नड. दोन्ही नोटो घेतले तर पान एकजिनसी दिसतं. पानाची भाषा 'मराठी' अशी सेटिंगमध्ये नोंदवायला विसरू नका. ज्या फॉन्टांत आपल्या वळणाचे ल आणि श आहेत त्यांत ते त्या नोंदीवरूनच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. फॉन्टच्या सगळ्या जाड्या-बारीक आवृत्त्या लावू नका, दोन पुरतात. कणकुंबी-जांबोटीच्या डोंगराळ भागात रेंज कशी येते ते सांगायला नको.

आणखी एक. बेळगाव शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण शोधणारे जुनं-नवं, मराठी-रोमन सगळंच टाइप करतात. संपर्काच्या पानावर पत्ता तिन्ही भाषांत पूर्ण लिहिला की ही सगळी रूपं ओघानंच येतात. वेगळी युक्ती नको.

पायरी ४: आता नावं

वर्डप्रेस २००३ मध्ये आलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइटी त्याच्यावर चालतात. त्याचा सरळ अर्थ असा की टिळकवाडीत काय नि निपाणीत काय, ते जाणणारा माणूस सापडतो. वाचनालय, शाळा, संमेलन, पतसंस्थेची माहितीची साइट, छोटं दुकान यांना मी डोळे झाकून हेच सुचवीन. मात्र एक घोटाळा टाळा: वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची सेवा आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी आपल्या होस्टिंगवर आपल्या मालकीची. धोके बहुतेक प्लगइनांतून येतात, म्हणून मोजकीच ठेवा, आणि टेलिग्रामवर फुकट फिरणारी 'प्रीमियम' थीम, म्हणजे साइटचा तयार साज, कधीही टाकू नका. तिच्यात बऱ्याचदा चोरदरवाजा असतो.

ड्रुपल २००१ पासून आहे, भक्कम आहे, आणि कॉलेज किंवा मोठी संस्था, जिथं पगारी तांत्रिक माणूस आहे, तिथं शोभतं. पण त्याच्या सातव्या आवृत्तीचं आयुष्य ५ जानेवारी २०२५ ला संपलं आणि तिथून पुढं जायला नुसतं अपडेटचं बटण पुरत नाही, साइट जवळपास नव्यानं बांधावी लागते. जुनी सातवी साइट हातात आली असेल तर हा खर्च झेपेल का ते आधी बघा.

जूमला २००५ चं. बहुभाषेची सोय चांगली, पण आपल्या भागात ते सांभाळणारे कमी. एखादी जुनी जूमला साइट वारशात मिळाली असेल तर आवृत्ती बघा. तिसऱ्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०२३ मध्येच संपलाय.

विक्सवर एका संध्याकाळी देखणी साइट होते, हे खरं. पण ती उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. भाडं थकलं की सगळं तिथंच. संस्थेची पन्नास वर्षांची माहिती मी तिथं ठेवणार नाही. हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाचं किंवा एका प्रदर्शनापुरतं पान करायला हरकत नाही.

ब्लॉगर गुगलचं, फुकट, आणि मजकूर फाइलीत उतरवून घेता येतो. एकट्या लेखकाला, एका भाषेत लिहायला छान. घोस्ट हे आणखी एक सीएमएस, वर्तमानपत्रासारखे अंक ईमेलनं पाठवणाऱ्यांसाठी, इथं विशेष कामाचं नाही. ह्यूगो वर म्हटलेल्या फौंड्रीला फिट: डेटाबेस नाही, हॅक व्हायला फारसं काही नाही, होस्टिंग फुकटातही होतं. फक्त बदल करायला गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आणि मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहायची पद्धत) जाणणारं कोणीतरी हवं.

कुंदा, काजू, शहापुरी साडी ऑनलाइन विकायची असेल तर वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन किंवा महिन्याचं भाडं देऊन शॉपिफाय ही दुकानाची सेवा. दिवसाला दोन-चार ऑर्डरी येणार असतील तर दोन्ही नकोत. भावाचं पान आणि व्हॉट्सॲपचं बटण लावा, यूपीआयवर पैसे घ्या. कार्टपेक्षा पार्सल वेळेवर जाणं महत्त्वाचं, आणि कुंद्याला तर जास्तच.

पायरी ५: ठरवण्याआधी हात लावून बघा

पैसे भरायच्या आधी दोन सीएमएस प्रत्यक्ष चालवून बघा. वर्डप्रेससाठी 'प्लेग्राउंड' नावाची सोय आहे; ब्राउझरमध्येच काही न बसवता चालते. ड्रुपल आणि जूमलाच्याही चाचणीच्या साइटी मिळतात. नमुन्याचा मजकूर टाकू नका, स्वतःचा टाका: एक लांब मराठी शीर्षक, सूचनेचा एक कन्नड परिच्छेद, तीन रकान्यांचा व्याजदराचा तक्ता, फोनवरून काढलेला जड फोटो.

मग खुर्चीवरून उठा आणि सांभाळणाऱ्या माणसाला बसवा. काही सांगू नका. "काका, उद्याची सुट्टीची सूचना टाकून दाखवा," एवढंच म्हणा. ते कुठं अडतात ते लिहून घ्या. बटण सापडलं नाही हे चालतं, दुसऱ्यांदा सापडतं. पण सूचना टाकताना मुखपृष्ठच मोडलं तर ते सीएमएस किंवा ती थीम बाद. हीच साइट दोन-तीन हजारांच्या जुन्या फोनवर, वाय-फाय बंद करून उघडून बघा. तक्ता पडद्याबाहेर जातोय का, जोडाक्षरं तुटतात का, कन्नडमध्ये अक्षराखाली लागणारी जोडाक्षरं खालच्या ओळीवर चढतात का. चढत असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा.

पायरी ६: डोमेन, होस्टिंग, चाव्या

डोमेन, म्हणजे साइटचा नावाचा पत्ता, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या, साइट करून देणाऱ्याच्या नाही. हे शंभरदा सांगितलं तरी कमीच. माझ्या ओळखीच्या एका मंडळाचं डोमेन करून देणाऱ्याच्या खासगी ईमेलवर होतं. त्याचा नंबर बदलला, नूतनीकरणाची आठवण कोणाला आलीच नाही, आणि नाव दुसऱ्याच कोणी घेतलं. शेवटी नव्या नावाची पत्रकं छापावी लागली.

होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका; नूतनीकरणाचा आकडा बऱ्याचदा दुपटी-तिपटीचा असतो, तो आधी विचारा आणि बैठकीत तोच सांगा. सर्व्हर भारतातला मिळाला तर घ्या. एसएसएल प्रमाणपत्राचे (साइट आणि वाचणारा यांच्यातला संवाद सुरक्षित ठेवणारं) वेगळे पैसे कोणी मागितले तर कारण विचारा, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं आणि छोट्या साइटला ते पुरतं.

सगळ्यांना प्रशासकाचे हक्क देऊ नका. वर्डप्रेसमध्ये रोजचं काम करणाऱ्याला 'संपादक' ही भूमिका पुरते. प्रशासक दोनच, त्यातला एक समितीतला.

बॅकअप आठवड्यातून एकदा आपोआप होईल असा लावा आणि त्याची प्रत होस्टिंगच्या बाहेर, संस्थेच्या गुगल ड्राइव्हवर जाऊ द्या. त्याच सर्व्हरवरचा बॅकअप सर्व्हरबरोबरच बुडतो. लावल्यावर एकदा तो परत उभा करून बघा, रिकाम्या सबडोमेनवर, म्हणजे त्याच नावाखालच्या वेगळ्या पत्त्यावर. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर डेटाबेसची अक्षरव्यवस्था चुकीची आहे; ती 'यूटीएफ-आठ-एमबी-चार' हवी. हे साइट नवी असतानाच कळलेलं बरं.

शेवटी एक कागद करा. डोमेन कुठून घेतलं, होस्टिंग कुठलं, नूतनीकरणाच्या तारखा, कुठल्या ईमेलवर सगळं आहे, कुठली प्लगइनं आहेत आणि ती का टाकली. पासवर्ड बंद पाकिटात, सचिवांकडं, संस्थेच्या कपाटात. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या आधी येईल अशी बघा, म्हणजे खर्चाचा विषय इतिवृत्तात येतो आणि सचिव बदलले तरी नव्या माणसाला वाचायला मिळतो.